बाराव्या वळणावरची यति

९ सप्टेंबर

मास्तर,

आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहितो आहे. आमच्याकडे फोन लागतो तो पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, आणि टाकीवरून बोललेलं खालच्या शेडमधल्या बायकांनाही ऐकू जातं. हे बोलणं त्यांच्यासाठी नाही.

तुझी भाची भिंगरी घरी परत आली आहे. रस्ते बांधणाऱ्या कंपनीतली नोकरी तिने सोडली. येताना एक सायकल आणली. सायकलला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही, स्टँड नाही. टायर मात्र ट्रॅक्टरला शोभतील असे. मी विचारलं, बाकीचं सामान मागून येणार आहे का. म्हणाली, बाबा, ही अशीच असते.

तिचं म्हणणं असं. आपल्या मळ्याच्या वरच्या धारेपासून खाली कॉफी वाळवायच्या अंगणापर्यंत, झाडांमधून, सायकली उतरवायच्या वाटा काढायच्या. लांबून लोक येतील, सायकल घेऊन वर चढतील आणि खाली उतरतील. मी विचारलं, मग? म्हणाली, मग परत चढतील. यात कुणाचं काय काम होतं ते मला समजलेलं नाही.

दुसरी गोष्ट. तिला समुद्रापलीकडे एक नोकरी मिळते आहे. नोव्हेंबरअखेर होय की नाही ते कळवायचं आहे. वाटा जमल्या तर इथेच राहीन म्हणते, नाहीतर जाईन.

तुझं तिचं पटतं. तर तू तिला लिही, की हे वाटांचं खूळ डोक्यातून काढ. मात्र अशा बेताने लिही की ती जाणार नाही.

यंदा फळ बरं धरलं आहे. गुडघा आहे तसाच.

दाजी

ता. क. मी ताई. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी. रोज सकाळी ती अंघोळीला गेली की हे फडकं घेऊन तिच्या सायकलची चेन पुसतात. मी बघितलेलं नाही असं समज.


१८ सप्टेंबर

ती. दाजींना साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला लागली. उरलेली तीन भावनेने पोचती करत आहे.)

पत्र मिळालं. वाटा करू नकोस म्हणून सांग, पण जाऊ देऊ नकोस. दाजी, एकमेकांना खाणाऱ्या दोन आज्ञा एका दमात द्यायच्या आणि पाळायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, हे आजवर फक्त वेदांना जमलं होतं. तिथेही त्यातून वाट काढता काढता मीमांसकांच्या पिढ्या खपल्या. मी एकटा माणूस, त्यात सध्या सहामाहीचे पेपर तपासतो आहे. एका मुलाने 'रामः' चं अनेकवचन 'बरेच रामः' असं लिहिलं आहे. माझी मनःस्थिती ध्यानात घ्या.

तरीही लिहिलं. मामाला शोभेल असं लिहिलं. आरोहणाला कष्ट असतात, अवरोहणाला धोका असतो, शहाणा माणूस सपाटीवर राहतो, वगैरे. उलट टपाली उत्तर आलं. 'मामा, बाबांनी सांगितलं ना लिहायला? भाषा तुझी आहे, पण घाबरलेत ते.' मुलगी तुमची, पण डोकं आमच्या घराण्यातून गेलं आहे, हे मी तिच्या बारशापासून सांगत आलो. तेव्हा सगळे हसले होते.

पत्राच्या शेवटी तिने मला एक शंका विचारली. निव्वळ शास्त्रातली होती. तुमच्या उपयोगाची नाही, म्हणून इथे देत नाही.

आता मी एक विचारतो. राग मानू नका, मानलात तर कळवा. राहा म्हणून तुम्ही स्वतः तिला काही बोललात का? की 'मग?' एवढं विचारून फवारणी बघायला निघून गेलात?

आपला
मास्तर


७ ऑक्टोबर

मास्तर,

तुझी शास्त्रातली शंका काल रंगाऱ्याच्या टेम्पोतून आली. पाट्या आहेत. सोप्या वाटेची 'मंदाक्रांता', मधलीची 'भुजंगप्रयात', अवघड वाटेची 'शार्दूलविक्रीडित'. ही शेवटची एवढी लांब आहे की दोन माणसांनी उचलून नेली. मुकादमाने मला बाजूला घेऊन विचारलं, हे शार्दूलविक्रीडित पानांवर मारायचं की मुळाशी घालायचं.

चौथी पाटी लहान आहे. तिच्यावर 'यती' एवढंच आहे. ती अवघड वाटेवर अर्ध्यात लावायची म्हणे. मुकादम विचारतो, महाराज कधी येणार, खाट टाकून ठेवू का. मी म्हटलं मास्तरांना विचारून सांगतो. विचारतो आहे.

काम सुरू झालं. मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हणणार होतो तेवढ्यात चार माणसं कुदळी घेऊन वर गेली. भिंगरीची आखणी अगदीच वाईट नाही. आधी खुंट्या ठोकून वाट कुठून जाणार ते दाखवते आणि मग माणसं तसं खणतात. झाड एकही तोडलेलं नाही. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली ठेवते, पाणी साचू नये म्हणून. हे तिला कुणी शिकवलं माहीत नाही.

फक्त अवघड वाटेच्या तेराव्या वळणाशी चुकते आहे. वरच्या चराचं पाणी पावसाळ्यात नेमकं तिथूनच उतरतं. वाट एका वर्षात वाहून जाईल. मी काही बोललो नाही. तिचं ती बघेल.

दाजी

ता. क. बोलत नाहीत ते खरं. पहाटे उठून खुंट्या मात्र हलवतात. तेराव्या वळणाच्या सगळ्या उपटून वरच्या अंगाला ठोकून आले. भिंगरी म्हणते रानडुकराचं काम दिसतंय. ते रानडुक्कर आत्ता माझ्यासमोर बशीत ओतून चहा पितंय. — ताई


१६ ऑक्टोबर

ती. दाजींना सा. न.

पकडला गेलो. आता सगळं सांगतो.

तिने विचारलं होतं, मामा, वाटांना नावं सुचव, चाल सांगणारी. दाजी, एवढी वर्षं मी वृत्तं शिकवतो आहे. एवढ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला वृत्त मागितलेलं नाही, दिलं तरी परत केलं आहे. मंदाक्रांता म्हणजे हळू पावलं टाकणारी. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल. शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाचं खेळणं. मुकादमाला सांगा, हे कशावरही मारायचं नाही.

आता यति. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत एकोणीस अक्षरं असतात. बारा म्हटली की क्षणभर थांबायचं, मग उरलेली सात. त्या थांबण्याला यति म्हणतात. भिंगरीने कळवलं की अवघड वाटेला एकोणीस वळणं होतात, आणि बारा झाल्यावर एकदम उभा उतार लागतो. तिथे सायकलवाल्याने थांबावं, खाली बघावं, मगच जावं. हे वाचून मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. बायको म्हणाली, काय चावलं? डोंगराने आपणहून वृत्त पाळलं होतं, दाजी. मी लिहिलं, तिथे दुसरं काहीही लिहू नकोस, 'यति' लिही.

मी ऱ्हस्व लिहिलं होतं. रंगाऱ्याने शुद्धलेखन सुधारून दीर्घ केलं, आणि विरामाचा संन्यासी झाला. खाट टाकू नका.

आता तुमच्याविषयी. मी तुम्हाला पुष्कळ वर्षं बघतो आहे. काम चुकलेलं दिसलं तर तुम्ही बोलत नाही, हाताने सरळ करता आणि निघून जाता. माझ्या नव्या घरी तुम्ही दोन दिवस राहून गेलात आणि न्हाणीघराचं दार लागायला लागलं. कुणी केलं ते आम्हाला नंतर कळलं, तुमचा स्क्रूड्रायव्हर सापडला तेव्हा. आणि जे आवडत नाही त्याला तुम्ही बोटही लावत नाही. उदाहरणार्थ, माझा कवितासंग्रह. तुमच्या कपाटात तो अजून दोऱ्यात बांधलेला आहे.

तेव्हा तुम्ही खुंट्या हलवता आहात याचा अर्थ मला कळतो. ताईला कळतो. पण भिंगरी दहावीपासून वसतिगृहात राहिली, तिला तुमची ही भाषा कुणी शिकवली? तिला रानडुक्कर दिसतं. तिला सांगा. निदान पाण्याचं तरी सांगा.

आपला
मास्तर


५ नोव्हेंबर

मास्तर,

सांगायचं राहून गेलं. आता उशीर झाला आहे.

रविवारी सायकलवाल्यांच्या संघटनेच्या परीक्षक बाई आल्या. त्या वाटा तपासतात. त्यांनी पसंत केलं तर संघटना पुढच्या वर्षीच्या शर्यती इथे घेणार होती, आणि एकदा शर्यत झाली की लोक आपोआप येतात. बाई तुझ्या वयाच्या आहेत. फार बोलत नाहीत. मला बऱ्या वाटल्या.

मंदाक्रांता उतरल्या. कागदावर 'ठीक' लिहिलं. भुजंगप्रयात उतरल्या. पुन्हा 'ठीक' लिहिलं. शार्दूलविक्रीडिताला मी आणि मुकादम चौदाव्या वळणाशी उभे होतो. बाई वरून चांगल्या येत होत्या. बाराव्या वळणावर तुझी पाटी आली. बाईंनी ती वाचली, सायकल चालू ठेवूनच उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. आणि तेराव्या वळणावर वाट वळली, बाई वळल्या नाहीत.

सरळ कॉफीत गेल्या. झाडाला काही झालं नाही. बाईंचं मनगट मुरगळलं. आम्ही धावत गेलो तर झाडातूनच त्यांनी विचारलं, "इथे कुणी यती राहतात का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग पाटी कसली?"

तोवर भिंगरी वरून पोचली होती. ती म्हणाली, "थांबायची."

बाई म्हणाल्या, "मग तसं लिहावं."

मनगट बांधून घेतलं, कॉफी प्यायली, आणि जाताना भिंगरीला म्हणाल्या, तेरावं वळण फार आवळलेलं आहे, एवढ्या उतारावर सायकल तिथे वळणारच नाही. तिसरी वाट नापास. ती दुरुस्त झाली तर मार्चमध्ये पुन्हा बघू. अवघड वाट नसेल तर बाकीच्या दोन वाटांसाठी एवढ्या लांब कुणी येत नाही म्हणाल्या.

वळण आवळलं ते खुंट्या वर सरकल्यामुळे. मी पाणी बघितलं, सायकल बघितली नाही.

भिंगरी संध्याकाळभर कागद घेऊन बसली होती. जेवताना म्हणाली, "डुकराने खुंट्या हलवल्यावर मी पुन्हा मोजायला हवं होतं. माणसांनी खणलं आणि मी खालच्या वाटेवर होते. एवढंसं कळत नाही, बाबा, मला नाही येत हे काम." मी वरण मागितलं.

समुद्रापलीकडच्या नोकरीला होय लिहून ठेवलं आहे. महिनाअखेर पाठवणार आहे. तू तिला लिही की आखणी चुकलेली नव्हती.

दाजी

ता. क. माळ्यावरून तिची मोठी बॅग खाली निघाली. ती झटकून उन्हात ठेवली आहे. हे बॅगेच्या बाजूने दिवसातून पन्नासदा जातात आणि तिला हात लावत नाहीत. — ताई


१२ नोव्हेंबर

ती. दाजींना सा. न.

तुमचं पत्र आल्यापासून मी वर्गात मंदाक्रांतेच्या पुढे गेलेलो नाही.

माझ्या वाटणीचं मी आजच तिला लिहून टाकलं. पाटी माझी. थांबायच्या जागी थांबा असं लिहायचं सोडून मी तिथे माझी विद्वत्ता टांगली. रंगाऱ्याचा दीर्घ मी इतके दिवस सगळ्यांना ऐकवत होतो. काल दात घासताना लक्षात आलं की ऱ्हस्व असता तरी बाई थांबल्या नसत्या. उतारावरून येणाऱ्या बाईला छंदःशास्त्र आठवावं ही अपेक्षा मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही ठेवत नाही, आणि ते बसलेले असतात.

पण खुंट्या तुमच्या आहेत. त्या मी लिहिणार नाही. हे पहिल्यांदाच तुम्हाला नाही म्हणतो आहे, तेव्हा सांभाळून घ्या. मी लिहिलं तर ती म्हणेल, मामा मन राखायला लिहितो. आणि तिचं काय चुकीचं आहे? मन राखायलाच लिहितो मी.

दाजी, तुम्हाला दोनच वाक्यं बोलायची आहेत. पहिलं, 'खुंटी मी हलवली.' हा कर्मणी प्रयोग आहे. यात क्रियापद खुंटीप्रमाणे चालतं, तुमच्याप्रमाणे चालत नाही. तुमच्यासारख्या माणसांची मराठीने आधीच सोय करून ठेवलेली आहे, तिचा लाभ घ्या.

दुसरं वाक्य एका शब्दाचं आहे. आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. त्यात कर्ताही उच्चारावा लागत नाही. ते वाक्य तुम्ही सप्टेंबरातच लिहिलं होतं. पत्ता तेवढा चुकला आणि ते माझ्याकडे आलं.

तिचं पत्र जायच्या आत बोला. ती गेली तर पुढे ती वर्षातून एकदा येईल, आणि तुम्ही तिला विमानतळावर विचाराल, 'मग?'

आपला
मास्तर


२९ नोव्हेंबर

मास्तर,

पहिलं वाक्य मंगळवारी बोललो. तेराव्या वळणावर तिला घेऊन गेलो आणि तू लिहिलं होतंस तसं बोललो.

ती म्हणाली, "कुठली?"

म्हटलं, "सगळ्या. पाणी येतं इथून."

बराच वेळ ती वर चराकडे बघत होती. मला वाटलं आता चिडेल. म्हणाली, "पाण्याचं बरोबर आहे, बाबा. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण मला सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "सांगणार होतो." ती म्हणाली, "आणि मी बिचाऱ्या डुकराला शिव्या घालत होते." मग म्हणाली, "पाणी वळतं तशी सायकल वळत नाही." मी विचारलं, मग कशी वळते. तिने जमिनीवर काडीने काढून दाखवलं. मला कळलं नाही. मग सायकलवर बसून दाखवलं, तेव्हा थोडं कळलं. दुपारपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो. आता खुंट्या तिच्या जागी नाहीत आणि माझ्याही जागी नाहीत. वरचा चर थोडा पलीकडे फिरवला आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीचा बांध घातला. मुकादम म्हणाला, आधीच दोघांनी मिळून केलं असतं तर. मी त्याला खालच्या कामावर पाठवलं.

दुसरं वाक्य जमलं नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा खताचं बोललो. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "काय बाबा?" तर मी म्हटलं, "काही नाही, माशी."

तुझी पाटी काढायची होतीच. रंगारी तुझ्यावर रागावला आहे, दीर्घच बरोबर म्हणतो आणि नवीन करून द्यायला तयार नाही. म्हणून शेडमधल्या डब्यातला रंग घेऊन मीच रंगवली. मागे लाल, अक्षरं पांढरी. अक्षर काही तुझ्यासारखं नाही, पण लांबून दिसतं. गुरुवारी वाळली, तिला दाखवायला वर घेऊन गेलो.

तिने बघितली. म्हणाली, "बाबा, काना राहिला. थांबा पाहिजे होतं, तुम्ही थांब लिहिलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला अरेतुरे करायचं का?"

मी म्हटलं, "काना राहिलेला नाही. एवढंच लिहायचं होतं."

मग तिने माझ्या हातातून हातोडी घेतली आणि पाटी स्वतः ठोकली. चार खिळे पुरले असते, तिने आठ मारले.

समुद्रापलीकडे तिने काल 'नाही' म्हणून कळवलं. परीक्षक बाई मार्चमध्ये येणार आहेत. सोमवारपासून तोडणी सुरू होते आहे, तेव्हा महिना-दोन महिने पत्र लिहायला जमणार नाही. बाहेरच्या लोकांसाठी काना असलेली दुसरी पाटी शेजारी लावली आहे.

दाजी